तिकोनी खिडकीचं विमान

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. तोंडात चहा असताना ऐकलंत तर ठसका लागेल, आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटेल. माझ्या डोक्यावर आता जागा उरलेली नाही.

तर मंडळी, मी माझ्या पोटच्या पोरीची ठरत आलेली सोयरीक मोडायला निघालो होतो. कशावरून म्हणाल? हुंड्यावरून? छे. मानपानावरून? तेही नाही. पत्रिका तर आमच्यात कुणी बघतच नाही. विमानावरून! तेही अशा विमानावरून, जे माझ्या जन्माच्या आधीच उडून गेलं होतं. निदान माझी तशी समजूत होती.

मला जुन्या प्रवासी विमानांचा नाद आहे. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला राजकारणाचा असतो, मला हा. नोकरी म्हणाल तर शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, म्हणजे नट, बोल्ट आणि वॉशर. घर सिडकोत. चिकलठाण्याला उतरणारं विमान आमच्या गच्चीवरून जातं, आणि ते गेलं की मी नाक मुरडतो. आजकालची विमानं म्हणजे काय हो, शाळेच्या युनिफॉर्ममधली पोरं. कुणाचं कोण, कळत नाही.

पूर्वीचं विमान लांबून ओळखू यायचं! डाकोटा घ्या. शेपटीखाली चाक, त्यामुळं जमिनीवर उभं असलं की नाक वर. आपल्या सीटवर जायचं म्हणजे आतल्या आत चढ चढायचा. व्हायकाउंट घ्या. चार पंखे, आणि खिडक्या अशा ऐसपैस की डोकं मावेल. आणि कॅरावेल! तिच्या खिडक्या तिकोनी. जगात कुणाच्या नसतील अशा! आणि आपल्या गावावरून जाणारा तो मार्ग, मुंबई, औरंगाबाद, उदयपूर, जयपूर, दिल्ली. एसटीसारखं प्रत्येक ठिकाणी थांबत जायचं विमान. अजिंठा-वेरूळ बघायला आलेले गोरे पाहुणे इथं उतरायचे, चार दिवसांनी पुढं राजवाडे बघायला जायचे.

हे सगळं तुम्ही मला विचारलं होतं का? नाही ना? आमच्या दूधवाल्यानंही विचारलं नव्हतं. त्याला मी एकदा नागपूरची टपाल विमानं सांगितली. चारी दिशांनी चार विमानं नागपुरात यायची, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करून परत जायची. तेव्हापासून तो दुधाची पिशवी गेटला अडकवतो आणि बेल न वाजवता पळतो.

या सगळ्या नादाचं मूळ एक फोटो. आमच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावलेला. त्यात माझे वडील, दादा. ऐन विशीतले, डोळ्यांवर काळा गॉगल, विमानाच्या खिडकीतून डोकं काढलेलं, आणि एक हात बाहेर काढून रुमाल हलवतायत.

आता दादा म्हणजे कोण? करमाडहून सायकलनं रोज शहरातल्या कापड गिरणीत येणारा माणूस. रेल्वेनं जालन्याच्या पुढं कधी गेले नाहीत. आणि हा माणूस विमानात! लहानपणी दादा तो फोटो लांबूनच दाखवून परत पेटीत ठेवायचे, आणि मी विचारायचो, "दादा, कसं वाटलं वो इमानात?" ते नुसते गालात हसायचे आणि म्हणायचे, "अभ्यास कर." मी म्हणायचो, केवढी ही नम्रता! आकाशात जाऊन आले, पण अवाक्षर नाही!

दादा गेले, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीतला हा फोटो माझ्या हाती आला. डोळे भरलेले, त्यामुळं दादांच्या चेहऱ्याखाली मी काही बघितलंच नाही; तसाच तो शहरात आणून चांगल्या फ्रेमवाल्याकडून, भोवती पुठ्ठ्याचं माउंट-बिउंट लावून, मढवून घेतला. खाली पितळी पट्टीसुद्धा बसवली: "आमचे दादा, पहिल्या विमानप्रवासात." मग लागलो विमान ओळखायला.

आणि इथंच माझ्या विद्वत्तेला पंख फुटले.

फोटोतल्या विमानाला चार पंखे होते. म्हणजे व्हायकाउंट. पण खिडक्या तिकोनी. म्हणजे कॅरावेल. पण शेपटीखाली चाक. म्हणजे डाकोटा! आता एखादा शहाणा माणूस इथं थांबला असता. पण शहाणी माणसं जुन्या विमानांच्या नादी लागत नाहीत. मी वर्षानुवर्षं पुस्तकं चाळली, इंटरनेट उलथंपालथं केलं, आणि निष्कर्ष काढला: हे एक अतिदुर्मिळ विमान असून, कुठल्यातरी परदेशी कंपनीनं ते आपल्या मार्गावर गुपचूप चाचणीसाठी आणलं होतं. पुरावा? पुरावा कुठंच नाही. म्हणून तर दुर्मिळ!

आणि हात बाहेर कसा? त्याचंही उत्तर माझ्याकडं तयार. प्रवाशांच्या खिडक्या उघडत नाहीत, पण वैमानिकाची बाजूची खिडकी उघडते. म्हणजेच दादा साधे प्रवासी नव्हते. वैमानिकानं त्यांना मानानं स्वतःजवळ बसवलं होतं! ज्येष्ठ नागरिक संघात मी यावर दोनदा व्याख्यान दिलं. दुसऱ्यांदा ऐकायला अध्यक्ष आणि त्यांची झोप, एवढेच होते.

अशात प्राजूचं लग्न ठरायला आलं. माझी मुलगी प्राजक्ता पुण्याला नोकरीला आहे. तिथल्याच रोहितशी तिचं जमलं. मुलगा चांगला, निर्व्यसनी, आणि माझं बोलणं अर्धा तास ऐकूनही जांभई न देणारा. आता मोठ्या माणसांनी बसून बोलणी करायची, एवढंच उरलं होतं. आणि रोहितचे वडील कोण, माहितीय? गायकवाड साहेब. अख्खी नोकरी मुंबईच्या विमानतळावर विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेले निवृत्त इंजिनिअर!

मला तर स्वर्गच दिसला. व्याही नव्हे, श्रोता मिळाला!

आमची बायको मंगल. तिनं आदल्या दिवशीच बजावलं. "अहो, उद्या विमान हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"मी कशाला काढतो? पण त्यांनी विचारलं तर?"

"त्यांनी विचारलं तरी तुम्हाला ऐकू आलं नाही."

प्राजूनं तर हात जोडले. "पप्पा, प्लीज. रोहितचे बाबा फार सरळ आहेत, चुकीचं कुणी बोललं की त्यांना राहवत नाही. तुम्ही फक्त पोहे खा."

बोलणी करायला करमाडहून आत्याही आली होती. दादांची धाकटी बहीण. घरात थोरलं माणूस आता तेवढंच. तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, आणि नवी नजर आल्यापासून तिनं घराघरात दहशत बसवली होती. आल्या आल्या म्हणाली, "जय भीम. मंगल, तुझ्या पंख्याव लई जाळ्या हायेत गं. मला आतापस्तोर वाटायचं, घर कसं चकाचक ठिवलंय!" मंगल बिचारी पाहुणे यायच्या तोंडावर स्टुलावर चढली.

पाहुणे आले. गायकवाड साहेब, त्यांच्या सौभाग्यवती आणि रोहित. पोहे आले. पाऊसपाणी झालं, शेंद्र्याच्या रस्त्यावरचे खड्डे झाले, कोणाची तब्येत कशी आहे ते झालं. मी पोहे खातोय. नुसते पोहे. शपथ सांगतो, दाणासुद्धा बाजूला काढला नाही.

आणि गायकवाड साहेबांची नजर सोफ्याच्या वर गेली.

"हा फोटो कुणाचा?"

मंगलनं माझ्याकडं बघितलं. प्राजूनं बघितलं. मला ऐकू आलं नाही, असं करायचं ठरलं होतं ना? केलं असतं हो. पण माणूस किती सहन करणार?

"ओळखा साहेब!" मी ताडकन उठलो. "अख्खं आयुष्य विमानाखाली गेलंय तुमचं. ओळखा बघू, कोणतं विमान!"

ते उठले. चष्मा पुसून फोटोजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. मी त्यांच्या मागं टाचा उंचावून उभा, जणू निकाल माझा लागणार आहे. तो लागणारच होता म्हणा.

"चार पंखे दिसतात," ते म्हणाले.

"व्हायकाउंटसारखे!"

"पण खिडक्या तिकोनी."

"कॅरावेलसारख्या!" मी टाळी मागायला हात पुढं केला. त्यांनी दिली नाही.

"कॅरावेलला पंखे नसतात. ती जेट. तिची इंजिनं पार शेपटीजवळ. आणि हे शेपटीखालचं चाक तर डाकोटाचं."

"बरोब्बर!" मी परीक्षकासारखा म्हणालो. "मग काय निष्कर्ष?"

"निष्कर्ष असा, की असं विमान जगात बनलंच नाही."

माझं हसू गालावरच सुकलं. "बनलं नाही कसं? माझे वडील बसलेत ना त्यात!"

"बसले असतील. कशात बसलेत, ते बघावं लागेल."

बघावं लागेल! माझ्या घरात, माझ्या सोफ्यासमोर, माझ्या बापाबद्दल! मंगलनं पदराआडून हातानं खूण केली, बसा. मी ती खूण, पुढं बोला, अशी घेतली.

"साहेब, ते वैमानिकाशेजारी बसलेत. म्हणून तर हात बाहेर आहे."

"वैमानिक पुढं बसतो. हे तर पंखांच्या मागं दिसतायत."

"मग त्या विमानात वैमानिक मागं बसत असेल!"

हो, असं मी म्हणालो. या तोंडानं. रोहितनं पोह्यांच्या बशीत मान घातली. गायकवाड साहेब सरळ माणूस, त्यांना खरंच राहवलं नाही. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, मागून त्याला समोरचं दिसणार कसं?"

"ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही नट-बोल्ट आवळणारे. हा इतिहास आहे, इतिहास!"

बघा, हे कोण कुणाला म्हणतंय! ज्याची अख्खी हयात वॉशरच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेली, तो माणूस विमान दुरुस्त करणाऱ्याला नट-बोल्टवरून हिणवतोय.

गायकवाड साहेबांनी बशी टीपॉयवर ठेवली. अर्धे पोहे तसेच. ज्या घरात पाहुणा अर्धे पोहे टाकून उठतो, त्या घराचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

"रोहित, निघूया. पुन्हा कधीतरी बोलू."

"पुन्हा कधीतरी"! या दोन शब्दांत किती पोरींची लग्नं बुडालीत! स्वयंपाकघराच्या दारात प्राजू उभी होती. रडत नव्हती. नुसती माझ्याकडं बघत होती. रडली असती तर बरं झालं असतं.

त्या क्षणी गप्प बसून हात जोडले असते तर भागलं असतं. पण मला दादा दिसत होते. आयुष्यभर सायकल मारलेला, कुणी कधी साहेब न म्हटलेला माणूस. त्यांच्या नावावर एवढी एकच मोठी गोष्ट होती, आणि ती मी कुणालाच देणार नव्हतो. मी म्हणालो, "जा खुशाल. पण आधी माझ्या वडलांची माफी मागा."

"अगं बया!" मंगल एवढंच म्हणाली आणि खुर्चीत बसली.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "आरं, काय गोंधूळ लावलाय? पाव्हणं, बसा जरा. अरुण्या, काढ तो फोटू खाली. किती वरीस झालं, मला नुसता काळा ठिपका दिसायचा त्यात. आता डोळं आल्यात तं बघू दे."

आत्या! मला वाटलं, चला, घरचा साक्षीदार मिळाला. मी फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उजेडाकडं धरला, जवळ घेतला, लांब धरला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, भावाच्या आठवणीनं रडतेय. मीही डोळे पुसायला रुमाल काढला.

आत्या हसत होती. तोंडाला पदर लावून, गदागदा!

"आरं, ह्ये तं खुलताबादच्या उरुसातलं इमान!"

"कुठलं?"

"उरुसातलं रं! तिथं फोटूवाल्याचा तंबू असायचा. फळीचं इमान. मागं ढगं रंगीवलेली. आपुन मागं हुभं ऱ्हायचं आन् खिडकीतून तोंड काढायचं. गॉगल बी त्याचाच. समद्यांना त्योच एक गॉगल!"

"आत्या, तू लहान होतीस. तुला आठवत नसेल."

"मला आठवत नाय? इमान वाऱ्यानं हलायचं, तं त्यो फोटूवाला म्हनला, 'ए छोकरी, पकड के बैठ!' मी खाली बसून धरलं व्हतं की ते! माजा हात अवघडला व्हता!"

"पण फोटोत तू कुठं आहेस?"

"आसंल खाली. ह्या पुठ्ठ्याखाली बघ की."

मी म्हणालो, फ्रेम उघडायची नाही. उघडली तर इतिहासाचं नुकसान होईल. खरं सांगू? नुकसान माझंच होणार होतं. पण गायकवाड साहेब चपला घालता घालता परत फिरले होते. इंजिनिअर माणूस, समोर बंद डबा दिसला की त्याला राहवतं होय? त्यांनी फक्त हात पुढं केला.

"स्क्रू ड्रायव्हर आहे?"

माझ्या घरात स्क्रू ड्रायव्हर नाही असं कसं म्हणू? माझ्याच घरात, माझ्याच स्क्रू ड्रायव्हरनं त्यांनी फ्रेमच्या मागचे स्क्रू अलगद सोडवले. माउंटचा पुठ्ठा बाजूला केला. आणि सगळेजण वाकले.

विमानाच्या पोटाखाली दादांचे पाय होते. पांढरा पायजमा, घोट्याच्या वर गेलेला. दोन्ही पाय जमिनीवर, एका पायात चप्पल. शेजारी उकिडवी बसलेली एक पोर, एका हातानं विमान धरलंय, दुसऱ्या हातात जिलेबी. आणि शेपटीखालचं ते चाक? ते हातगाड्याचं होतं. विमान हातगाड्याला टेकवून उभं केलेलं. त्या चाकाला एक शेळीही बांधलेली होती, आणि ती सरळ कॅमेऱ्याकडं बघत होती. अख्ख्या फोटोत तेवढीच काय ती शहाणी दिसत होती.

मग गायकवाड साहेब अगदी गंभीरपणे म्हणाले, "वैमानिक खरंच मागं उभा आहे. तुमचं बरोबर होतं."

आणि जो काही हशा फुटला! रोहित हसला, त्याची आई हसली, मंगल तर डोळे पुसत हसली. प्राजू दारातच खाली बसली. मी एकटा उभा. हातात स्क्रू ड्रायव्हर.

"आत्या, पण तिकोनी खिडक्या कशा गं?" मी शेवटचा प्रयत्न केला. माणूस बुडताना काहीही धरतो.

"आरं, सुताराला गोल कापता आलं नसंल!"

हसू ओसरल्यावर आत्या फोटोवरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, "दादा मला म्हनला व्हता, आपुन काय खऱ्यात बसायचं नाय, तं फोटूत तरी बसू. लई हौशी व्हता माजा भाऊ." मला उगाच भरून आलं. माझ्या बापानं आयुष्यात एक गंमत केली होती, आणि मी तिचा पार इतिहास करून टाकला होता. ते गालात का हसायचे, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

मी गायकवाड साहेबांसमोर हात जोडले. "साहेब, चुकलो. माझ्यावरचा राग पोरीवर काढू नका."

"राग कसला?" ते बसले आणि त्यांनी ती अर्धी बशी पुन्हा हातात घेतली. गार पोहे खायला लागले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. "मला एक सांगा. एवढी माहिती तुम्हाला! तुम्ही स्वतः कोणकोणत्या विमानांत बसलात?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. चिकलठाण्याला एखादं उतरत असेल तर बरं, असं वाटलं. एरवी दर थोड्या वेळानं घिरट्या घालतात, नेमक्या वेळी एक येईल तर शपथ.

उत्तर प्राजूनं दिलं. "पप्पा कधीच बसले नाहीत. त्यांना उंचीची भीती वाटते. दौलताबादच्या किल्ल्यावरून अर्ध्यातूनच बसत बसत खाली आले होते."

लग्न जमलं बरं का! पण व्याही म्हणजे व्याही, तो सोडतोय होय? लग्न करमाडच्या रस्त्यावरच्या एका लॉन्सवर होतं. मी फेटा बांधून दाराशी पोचलो, तर तिथं काय उभं? प्लायवूडचं विमान! चार पंखे, तिकोनी खिडक्या, शेपटीखाली हातगाड्याचं चाक. गायकवाड साहेबांनी स्वतः उभं राहून बनवून घेतलेलं. पाहुण्यांची फोटोला ही रांग! नवरा-नवरीकडं कुणी बघेना.

पहिला मान अर्थात माझा. खिडकी जरा उंच होती, म्हणून मागं स्टूल ठेवलं होतं. चढलो. डोळ्यांवर कुणीतरी गॉगल चढवला, हातात रुमाल दिला. आणि वारा सुटला हो! विमान हललं, स्टूल हललं, आणि मी खिडकीची चौकट घट्ट धरली.

"अहो व्याही, धरा! धरा ना, हलतंय!" मी तिकोनी खिडकीतून ओरडलो.

गायकवाड साहेब खाली उकिडवे बसले, एका हातानं विमान धरलं, दुसऱ्या हातात आत्यानं त्यांना जिलेबी दिली. तसाच फोटो निघाला. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो, तेही उभ्यानं आणि डोळे घट्ट मिटून. गॉगल होता म्हणून निभावलं.

आता दोन्ही फोटो सोफ्याच्या वर शेजारी शेजारी आहेत. पितळी पट्टी काढून टाकली. फ्रेमवाल्याला एवढंच बजावून सांगितलं होतं: बाबा रे, बाकी काहीही काप, पण पाय कापू नकोस.